नववीला ‘बातमी कशी वाचावी’ शिकवायचंय, चार तासिकांत काय बसेल?

चौथी_तासिका (कोथरूड)
नववी, मराठी माध्यम, पट ५८. ३५ मिनिटांच्या चार तासिका मिळाल्यात. मोबाइल आणायला बंदी. संगणक कक्षात १८ पैकी १४ यंत्रं चालू. ‘खोटी बातमी ओळखा’ छापाचे तक्ते हाताशी आहेत (शुद्धलेखन पाहा, उद्गारचिन्हं मोजा वगैरे). ते वापरू का? व्हॉट्सअ‍ॅपवरचे खोटे मेसेज वर्गात दाखवावेत का? आणि गुण कशावर द्यायचे?

जुना_उपसंपादक
तक्ते राहू द्या. खोटा मजकूर हल्ली शुद्ध मराठीत, नीटस मांडणीत येतो आणि अस्सल सरकारी परिपत्रकात ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. त्या तक्त्याने आधी सरकारच बाद होईल.

पहिली तासिका कागदावर घ्या. एकाच दिवसाची तीन वर्तमानपत्रं, पाच-पाच मुलांचे बारा गट. कात्रणं नकोत, सबंध अंक द्या. बातमी कितव्या पानावर आणि कोणत्या जाहिरातीला खेटून होती ते कात्रणात कळत नाही. तीनच गोष्टी शोधायला सांगा : बातमी ‘प्रतिनिधी’ची (पेपरच्या स्वतःच्या बातमीदाराची) की ‘पीटीआय’ या वृत्तसंस्थेची, माहिती नेमकी कोणी दिली आणि शीर्षकातलं विधान मजकुरात कितव्या परिच्छेदात येतं. तिसऱ्यात मुलं रमतात. ‘पाणीकपात होणार?’ अशा शीर्षकाखाली ‘होणार’ असं कोणीच म्हटलेलं नसतं, हे ती स्वतःच हुडकून काढतात.

शेवटची पाच मिनिटं अंकाच्या तळाशी असलेल्या बारीक ओळीला : मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचं ठिकाण. जबाबदार कोण हे छापण्याचं बंधन १८६७ च्या कायद्यापासूनचं. फॉरवर्डला असली ओळ नसते.

मुठाकाठ
दुसरी तासिका सगळी आकड्यांना द्या. पुण्यात त्यासाठी खडकवासल्याइतका चांगला धडा नाही. ‘खडकवासला शंभर टक्के भरलं’ ही बातमी खरीच असते. आता फळ्यावर पुण्याला पाणी देणाऱ्या साखळीतल्या चारही धरणांची क्षमता टीएमसीत (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) लिहा : वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१, खडकवासला १.९७. बेरीज २९.१५. म्हणजे काठोकाठ भरलेलं खडकवासला हे साखळीतलं जेमतेम पावणेसात टक्के पाणी. शीर्षक खरं, पण त्यावरून ‘कपात टळली’ म्हणणं चूक.

मग विसर्ग. ‘आज रात्री खडकवासल्यातून १ लाख क्युसेक सोडणार’ असा मेसेज तुम्हीच रचा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. भागाकार करायला लावा : १९,७०० सेकंद, साडेपाच तासांच्या आत भरलेलं धरण रिकामं! वरून येवा (धरणात येणारं पाणी) चालू असतो, हे एखादं चुणचुणीत पोर सांगेलच. त्याचं बरोबर आहे. गणिताने मेसेज खोटा ठरत नाही, ‘थांब, आधी विचारून बघ’ एवढंच ठरतं.

खरी मेख मात्र ‘आज रात्री’त आहे. तारीख नाही, किती वाजता ते नाही. विसर्ग तासातासाला बदलतो. गेल्या पावसाळ्यातला खरा मेसेज या पावसाळ्यात फिरला की खोटा होतो. त्यात १२ जुलै १९६१ ची पानशेतची धरणफुटी या शहराच्या मनातून गेलेली नाही, त्यामुळे असला मेसेज लोक तपासण्याआधी पुढे ढकलतात.

लॅबमधला_माणूस
तिसरी तासिका, १४ यंत्रं, एकेका यंत्रावर चार-पाच मुलं. चित्र एकच द्या : ‘अंतराळातून दिवाळीच्या रात्री भारत’. त्यातले रंग रोषणाईचे नाहीत. १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसलेल्या दिव्यांना अनुक्रमे निळा, हिरवा, लाल रंग देऊन हा नकाशा बनवलाय. वस्ती कशी वाढली ते दाखवायला. नासाने नोव्हेंबर २०१२ मध्ये खरं छायाचित्र देऊन खुलासा केला : दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा, की वरून तो ओळखू येत नाही. चित्र अस्सल, खालची ओळ खोटी. हा प्रकार मुलांना नवा असतो.

दोन ठिकाणी गाडी अडते. गूगल लेन्सवर (चित्र देऊन शोध घेता येतो ते) तोच दावा करणारी ढीगभर पानं येतात आणि मुलं म्हणतात, ‘एवढे जण सांगतायत म्हणजे खरंच.’ पानं मोजू नका, पहिलं पान कोणाचं ते शोधा, असं तिथेच सांगा. टिनआय या चित्रशोधाच्या साइटवर ‘सर्वांत जुनं आधी’ अशी मांडणी करता येते. पण ती तारीख टिनआयला चित्र सापडल्याची, प्रसिद्ध झाल्याची नव्हे. आणि संशयित साइटवरचं ‘आमच्याविषयी’ वाचत बसू देऊ नका. नवीन टॅब उघडून इतर लोक त्या साइटबद्दल काय म्हणतात ते पाहायचं.

चौथी_तासिका
धरणांचं गणित उत्तम, ते नक्की घेतो. गुणांचं आणि खोट्या मेसेजचं राहिलं.

जुना_उपसंपादक
दहा मजकूर द्या, त्यांतले निदान पाच खरे. सगळेच खोटे दिलेत तर मुलं डोळे मिटून ‘फेक’ लिहितात आणि पुढे खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवत नाहीत. हे दुखणं पहिल्याहून वाईट. ‘खरं-खोटं’ला गुणच नकोत, काय शोधलं, कुठे सापडलं, किती खात्री, या तीन रकान्यांना द्या. ‘अजून सांगता येत नाही’ हेही उत्तर धरा, कारण देऊन लिहिलं तर पूर्ण गुण.

राजकारणाचे मजकूर पहिल्या वर्षी टाळा, चर्चा पक्षांवर घसरते. २०१८ चा मुलं पळवण्याचा व्हिडिओ तर दाखवूच नका, नुसता सांगा : कराचीतली जनजागृतीची फीत होती, मूल परत आणून फलक दाखवतात तो शेवट कापलेला. त्याच वर्षी १ जुलैला मुलं पळवणारी टोळी समजून धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावाने पाच जणांचा जीव घेतला. नववीला हे झेपतं.

आणि मुठाकाठ, तुमचा तो १ लाख क्युसेकचा मेसेज फक्त फळ्यावर, तासिका संपली की पुसायचा. छापून द्यायचाच असेल तर ‘सरावासाठी, खोटे’ हे शब्द मजकुरावरून तिरपे, आरपार टाका. कोपऱ्यात टाकलेत तर कापले जातात आणि संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर शाळेच्याच नावाने पूर येतो.