मदत हवी आहे: जंताचं औषध देऊनही शेळ्यांच्या जबड्याखाली सूज

खाचरकाठ:
शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरतंय, सकाळी कमी वाटतं आणि संध्याकाळी चरून आल्या की पिशवीसारखं लोंबतं. खातात पण अंगी लागत नाही. जंताचं औषध देऊन झालं, फरक शून्य. माल बनावट असेल का? दुसरं काय देऊ ते लवकर सांगा, एक गाभण आहे आणि तीच जास्त खंगलीये.

माळावरची:
कुठलं औषध? चारायला कुठे सोडता? डोळ्याची पापणी उलटून बघितली का, लाल की पांढरी?

उस्मानाबादीवाला:
आयव्हरमेक्टिन द्या. आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच, कधी प्रॉब्लेम नाही.

खाचरकाठ:
तेच तर दिलंय! पापण्या पांढऱ्याफटक. चारायला नेहमीचंच, कापणीनंतर भातखाचरात आणि पाटाच्या कडेनं.

माळावरची:
भाऊ हे आधी लिहायचं ना. आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर चालतं, चपट्यांना त्याचं काहीच होत नाही. पाट, खाचर आणि पांढरी पापणी म्हटल्यावर पहिला संशय लिव्हर फ्लूकचा, म्हणजे यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीचा, आपल्या भागात सहसा फॅसिओला जायगँटिका जातीचा. त्याची अंडी लेंडीतून पाण्यात जातात, त्यातून निघालेली अळी लिम्निया गोगलगायीत शिरते, आत एकीच्या शेकडो होतात आणि बाहेर पडून गवताला, भाताच्या धसकटांना चिकटून पुटी, म्हणजे अंगाभोवती कवच, करून बसतात. शेळीनं ते खाल्लं की पिल्लं आतडं भेदून यकृतात घुसतात, ते कुरतडत पित्तनलिकेत पोचतात. रक्त जातं म्हणून पापणी पांढरी पडते, रक्तातलं प्रथिन घटतं म्हणून पाणी खाली उतरतं.

उस्मानाबादीवाला:
अशी सूज हिमॉन्कसनं पण येते आणि तो गोलकृमीच आहे. पापणी पण पांढरी होते. डोस कमी पडला असणार, वजन करून परत द्या. लगेच फ्लूक कशाला?

माळावरची:
म्हणून तर लेंडी तपासा म्हणते. दोन्ही एकदम पण असू शकतात.

बांधावरून:
मूळ गोगलगायीत आहे. पाटात मोरचूद सोडा, विषय संपला.

रानवाट:
अजिबात नको! मासे मरतील, आणि त्या पाण्यावर मेंढ्या येत असतील तर मोरचूदातल्या तांब्यानं त्याही जातील. त्यापेक्षा बदकं पाळा, गोगलगायी वेचून खातात.

सूक्ष्मदर्शी:
चपटे कृमी सगळेच परजीवी नसतात हं. ओढ्यात दगडाखाली प्लॅनेरिया सापडतो, कापला तर तुकड्यातुकड्यातून नवा वाढतो, कारण अंगभर मूळपेशी असतात. फ्लूकसारखंच त्यालाही गुदद्वार नाही, खाल्लेलं तोंडातूनच बाहेर टाकतो. आणि कोकणात गुहागर तालुक्यातलं गिमवी माहितीये ना? १९५२ साली तिथल्या माणसांमध्ये शिस्टोसोमा नोंदवला गेला, तोही गोगलगायीतूनच येणारा चपटा कृमी, फक्त त्याच्यात नर-मादी वेगळे असतात, फॅसिओला उभयलिंगी.

पाटावरवंटा:
मग कलेजी खायची की नाही?

माळावरची:
ताई, नीट शिजवून खा. माणसाला तो पुटी चिकटलेल्या कच्च्या पाणवनस्पतींतून होतो, कलेजीतून नाही.

खाचरकाठ:
अहो माझ्या शेळ्यांचं बोला. लेंडी तपासली आणि काही निघालं नाही तर?

माळावरची:
लॅबला फ्लूकसाठी गाळ बसवून बघा असं मुद्दाम सांगा. ही अंडी जड असतात, नेहमीच्या तरंगवायच्या पद्धतीत हुकतात. आणि लागण झाल्यापासून अंडी दिसायला तीन महिने किंवा जास्त लागतात, त्यामुळे रिपोर्ट कोरा आला तरी निर्धास्त राहू नका. ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या कृमींवर चालतं, कोवळ्यांवर ट्रायक्लाबेंडाझोल. गाभणीला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही पाजू नका, सुरुवातीच्या महिन्यांत अल्बेंडाझोल तर नाहीच, गर्भात व्यंग येतं.

खाचरकाठ:
डॉक्टर सोमवारी येतायत. तोवर खाचरात सोडू का? पेंढा चालेल?

रानवाट:
बांधूनच ठेवा. पेंढा कडक वाळलेला, जुना साठवलेला असेल तर द्या, यंदाचा ओलसर नको. पाणी विहिरीचं, पाटाचं नाही.