मदत हवी आहे: बाद न करता दम वाढवणारा खेळ सुचवा

व्हॉलीबॉलची १२-१४ वयोगटातली १२ मुलं, चेंडू ४, जाळी एक. सरावाआधी ९ बाय ९ मीटरच्या अर्ध्या कोर्टात पकडापकडी घेतो, पण फक्त बाजूला सरकत. सरकताना एक पाय दुसऱ्याला ओलांडून टाकला की बाद. २० सेकंद खेळ, ४० सेकंद विश्रांती, अशा ६ फेऱ्या.

अडचण अशी की बाद झालेली मुलं नुसती उभी राहतात, आणि नेमका दम त्यांचाच कमी असतो! शिवाय चौथ्या फेरीपासून सगळेच ताठ होतात, गुडघे वाकत नाहीत. उड्यांचा खेळ आधीच उरकतो, कारण थकल्या पायांनी उतरताना गुडघे आत वळतात.

कुणालाही बाद न करणारा आणि बसका पवित्रा आपोआप टिकवणारा खेळ कोणता? चेंडू जमिनीवर घरंगळवत खेळायचं काही चालेल का?