मदत हवी आहे : चौदा महिन्यांचे बाळ, सहा वर्षांची मुलगी आणि लहान गाडीतील मागची बाक

नमस्कार,

आम्ही कोथरूडला राहतो. घरात मी, पत्नी, माझी आई, सहा वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचा मुलगा असे पाच जण आहोत. गाडी सीएनजीवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. गणपतीला साताऱ्याजवळच्या गावी जायचे आहे आणि त्याआधी मुलांच्या बसण्याची व्यवस्था कायमची नीट लावायची आहे.

मागच्या महिन्यात गावाहून परत येताना, कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाच्या उतारावर लागलो असता पुढच्या ट्रकने एकाएकी ब्रेक लावला आणि मलाही जोरात ब्रेक दाबावा लागला. धडक झाली नाही, परंतु आईच्या मांडीवर झोपलेले बाळ तिच्या हातांतून निसटून पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळले. कपाळावरची सूज दोन दिवसांत उतरली. आई मात्र अजून स्वतःलाच दोष देते, आणि मला ते ऐकवत नाही, कारण बाळ मांडीवर असताना गाडी सुरू करणारा मी होतो.

नंतर मी साधा हिशेब मांडून पाहिला. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. हे कोणाच्याही हातांचे काम नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळच्या अपघातात मागच्या आसनावर पट्टा न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा आमच्याकडे काही आठवडे मागचे पट्टे लावले जात होते. पुढे ‘इथल्या इथे तर जायचे आहे’ म्हणून ती सवय सुटली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना नेल्यास १००० रुपये दंड आहे, हे मला ठाऊक आहे. दंडासाठी मी विचारत नाही.

माझ्या अडचणी अशा आहेत. मावसभावाने त्याच्या मुलाची चाइल्ड सीट दिली आहे. ती दोन्ही दिशांना बसवता येते, तिच्यावर नारिंगी लेबल आहे, पण माहितीपुस्तिका हरवली आहे. दुकानदाराच्या मते बाळ ९ किलोच्या वर गेले की सीट पुढे तोंड करून लावावी. आमच्या बाळाचे वजन साडेनऊ किलो आहे. सीटचा वरचा पट्टा अडकवायला मागे जागा सापडत नाही, कारण डिकीत सिलिंडर आहे. गॅरेजमधील मेकॅनिकने तो सिलिंडरच्या पट्टीला बांधण्याचा सल्ला दिला, तो मला पटला नाही. मुलगी ११२ सेंटीमीटर उंच आहे आणि मोठ्यांचा पट्टा तिच्या गळ्यावरून जातो, म्हणून ती तो काखेखालून घेते. मागे मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा आहे. शिवाय आईचे म्हणणे असे की मागचा पट्टा ओढला की सरळ बाहेर येतो, मग तो धरणार तरी काय? अशा गाडीत कोणी कुठे बसावे?

प्रतिसाद १

आपण मेकॅनिकचे ऐकले नाही हे फार बरे झाले. सीटचा वरचा पट्टा गाडीच्या उत्पादकाने खूण करून दिलेल्या कडीखेरीज कुठेही बांधू नये. हॅचबॅकमध्ये ती कडी बहुधा मागच्या आसनाच्या पाठीमागच्या बाजूला असते. सिलिंडर आणि आसन यांच्या फटीत हात घालून शोधावी. मात्र आपल्या बाळाला आत्ता पुढे तोंड करून बसवूच नये, आणि मागे तोंड करून सीट गाडीच्या पट्ट्याने बांधताना तो वरचा पट्टा बहुतेक सीटना लागत नाही.

नारिंगी लेबल म्हणजे बहुधा आर ४४ हे चाइल्ड सीटचे जुने युरोपीय मानक. त्यात ९ किलो ही पुढे तोंड करण्याची किमान मर्यादा आहे. तेवढे वजन झाले की सीट फिरवलीच पाहिजे, असे त्यात कुठेही नाही. नव्या आर १२९ मानकात पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड करणे सक्तीचे आहे. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मानेचे मणके पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांनी अडते, डोके मात्र पुढे फेकले जाते व सगळा ताण मानेवर येतो; मागे तोंड असेल तर डोके, मान आणि पाठ यांना सीट एकदमच झेलते. म्हणून लेबलवरची मागे तोंड करण्याची वजनमर्यादा संपेपर्यंत, मग ती १३ किलो असो वा १८, दिशा बदलू नये. पाय दुमडलेले दिसतात म्हणून घरातली माणसे हळहळतात, पण मुले मांडी घालून मजेत बसतात.

ही सीट अपघातात सापडली होती का, हे मावसभावाला स्पष्ट विचारावे. सापडली असेल तर ती वापरू नये. पुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. सीट बांधल्यावर पट्टा जातो त्या जागी धरून हलवावी. दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बांधावी. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. दुपटे किंवा जाड स्वेटर पट्ट्याच्या आत नको, पट्टा लावून झाल्यावर वरून पांघरावे. ही सीट पुढच्या आसनावर, एअरबॅगसमोर, कधीही मागे तोंड करून लावू नये.

मुलीसाठी पाठ असलेला बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारे आसन, घ्यावा. काखेखालून घेतलेला पट्टा बरगड्यांवर आणि पोटावर जोर देतो. पट्टा खांद्याच्या मधून आणि कमरेच्या हाडांवरून जायला हवा; त्यासाठी साधारण १४५ सेंटीमीटर उंचीपर्यंत बूस्टर लागतो, आणि त्याला खांद्याचा पट्टाही लागतोच. म्हणजे मागच्या दोन्ही खिडक्या मुलांच्या झाल्या. आपल्या आईंनी पुढे बसावे आणि मुलांच्या आईने मधे. कमरेचा पट्टा अपुराच आहे, हे लक्षात ठेवावे.

आईंना पट्टा झटका देऊन ओढायला सांगावे. तो सावकाश ओढला तर येतो, झटक्याने अडकतो. त्याची रचनाच तशी आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार. सीट अपघातात सापडलेली नाही, हे भावाने खात्रीने सांगितले. ती मागे तोंड करून बांधली आहे. बूस्टर आणला, पण दोन्ही सीट लावल्यावर मधे पत्नीला बसता येते, बकलपर्यंत हात मात्र पोहोचत नाही. त्यामुळे गणपतीला सर्व जागांना खांद्याचे पट्टे असलेली मोठी गाडी भाड्याने घेणार आहोत, आणि शहरात पाचही जण एकत्र जाणे बंद केले आहे.

आईने पट्ट्याला तीनदा झटका देऊन पाहिला. ‘मी पुढे बसेन, पण तो रडला की गाडी थांबवायची,’ एवढेच तिने वचन घेतले.