बटण दाबलं की रेडिओ लागतो, डॅशबोर्ड लागतो, पण सेल्फ मारत नाही

गोदाकाठ:
नमस्कार. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. गाडी पेट्रोल, ऑटोमॅटिक, बटण स्टार्टची, ६ वर्षं झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी सासूबाईंना डायलिसिसला न्यायचं असतं, पहाटे पावणेसहाला घर सोडावं लागतं. यजमान बाहेरगावी नोकरीला, त्यामुळे चालवणारी मी एकटीच.

गेले तीन आठवडे असं होतंय. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं की नुसता रेडिओ लागतो. परत दाबलं की डॅशबोर्डचे दिवे लख्ख लागतात. तिसऱ्यांदा दाबलं की सगळं बंद. सेल्फ मारतच नाही, साधा ‘टक’ आवाजसुद्धा नाही. चावी सापडत नाही असा मेसेजही येत नाही. पाय उचलून परत ठेवला, असं तीन-चार वेळा केलं की मग एकदम सुरू होते. एकदोनदा गाडी सुरू असताना गिअरचा दांडाही पी (पार्किंग) मधून हलेना, तो कदाचित वेगळा विषय असेल.

चावीतला सेल बदलला. बॅटरीवाल्याने मीटर लावला, १२.५ व्होल्ट आले. गॅरेजमध्ये सांगितलं की दोन्ही चाव्या आणि आतला मॉड्यूल बदलावा लागेल, १८ हजार. पैशाचं बघता येईल. पण गेल्या शुक्रवारी सासूबाई थंडीत शाल घेऊन मागच्या सीटवर बसलेल्या, मी बटण दाबतेय आणि गाडी सुरू होत नाहीये, हे मला परत नको आहे. एवढा खर्च करण्याआधी काय तपासू?

वणीचा वारकरी:
ताई, माझा अनुभव सांगतो. सप्तशृंगी गडावरून उतरून नांदुरीत चहाला थांबलो आणि चावीचा सेल संपला. दार उघडेना. चावीच्या रिमोटमध्येच एक छोटी लोखंडी किल्ली लपवलेली असते, बाजूचा खटका दाबला की बाहेर येते, तिने दार उघडलं. मग रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरला, ब्रेक दाबला आणि त्याच रिमोटने बटण दाबलं. गाडी सुरू. रिमोटमधल्या चिपला सेल लागत नाही, बटणामागच्या कॉइलमधून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते. काही गाड्यांत बटणाऐवजी कन्सोलमध्ये ठरावीक खाच असते, पुस्तिकेत बघून ठेवा. सेल बहुतेक सीआर २०३२ असतो, मी आता एक पाकिटात ठेवतो.

निफाडकर:
आमच्याकडे थंडी पडली की आधी बॅटरीच दगा देते. उभ्या गाडीचे १२.५ बरे आहेत, पण सेल्फ मारताना किती पडतात ते बघा. ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी थकली समजा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर धरली असेल तर गरम पाणी टाकून साफ करून घ्या.

सातपूर वायरमन:
ताई, २२ वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. थोडं लांब लिहितो, पण नीट वाचा.

पहिल्यांदा रेडिओ, दुसऱ्यांदा डॅशबोर्ड, तिसऱ्यांदा बंद. ब्रेकला पाय न लावता बटण दाबलं की गाडी हेच करते. म्हणजे चावी तिला सापडली आहे. नसती सापडली तर मेसेज आला असता. बॅटरी खचली असती तर दिवे मंद झाले असते, आतून टकटक ऐकू आली असती. तुम्ही ब्रेक दाबताय, पण ते गाडीला कळतच नाहीये.

आणि गिअरचा विषय वेगळा नाही. ब्रेक दाबल्याचं कळल्याशिवाय दांडा पी मधून सुटत नाही. दोन्ही खुणा एकाच ठिकाणी जातात: ब्रेक पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली असलेला ब्रेक लाइटचा स्विच. बोटाच्या पेराएवढी वस्तू. पेडल वर असताना त्याची दांडी आत दाबलेली असते, पेडल खाली गेलं की बाहेर येते आणि जोडणी होते. आतले पॉइंट झिजले की कधी लागतं, कधी नाही.

तपासायला मीटर नको. अंधार पडल्यावर कुणाला तरी गाडीमागे उभं करा. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद असलं तरी ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात. दहा वेळा दाबा, हळू, जोरात. एकदा जरी दिवा चुकला तर दोष तिथेच. पेडलखाली दुहेरी मॅट टाकली असेल तर तीही काढा.

आणि ताई, हे उद्यावर टाकू नका. दिवा लागत नसेल तर तुम्ही थांबताय हे मागच्याला दिसत नाही.

गोदाकाठ:
दादा, काल संध्याकाळी शेजारच्या मुलाला मागे उभं केलं. पहिल्यांदा तो म्हणाला, “काकू, दाबा ना.” मी दाबूनच बसले होते. दहापैकी चार वेळा दिवा लागलाच नाही, दोनदा पेडल पार तळाला गेल्यावर लागला.

आज दुपारी अंबडच्या एका इलेक्ट्रिशियनकडे गेले. डॅशबोर्डखाली आडवं होऊन वीस मिनिटांत त्यांनी स्विच बदलला, मजुरीसकट ६५० रुपये. जुना स्विच माझ्या हातावर ठेवला. दांडी दाबून सोडली की निम्म्या वेळा मध्येच अडकते. तिथून पंधरा वेळा गाडी सुरू करून बघितली, एकदाही चुकली नाही. दांडाही अलगद सुटतो.

पण तीन आठवडे मी मुंबई नाक्याच्या गर्दीतून सासूबाईंना घेऊन ब्रेक लाइटशिवाय जात होते, हे काही डोक्यातून जात नाही. मागून ट्रक असायचे. तुम्ही शेवटच्या दोन ओळी लिहिल्या नसत्या तर मी फक्त बटणाकडेच बघत बसले असते. मनापासून आभार.

आता गाडी उलटी लावते. मागे सोसायटीची पांढरी भिंत आहे. पहाटे आरशात त्या भिंतीवर लाल उजेड पडलेला दिसला की मगच बटण दाबते.