मॅक्लॅरेन एमपी४/४ चा लाल नक्की कुठला घ्यायचा? (टामिया १/२०)

गॅरेज_ठाणे
नमस्कार मंडळी. टामियाचं १/२० चं मॅक्लॅरेन होंडा एमपी४/४ या फॉर्म्युला वन गाडीचं प्लॅस्टिक मॉडेल किट एकदाचं हातात आलंय, १९८८ ची ड्रायव्हर सेन्नाची १२ नंबरची गाडी करायचीय. इंजिन, सस्पेन्शन वगैरे जोडायला सुरुवात केलीये पण बॉडीला हात लावायची हिंमत होत नाहीये, कारण जुने फोटो बघावे तर एकात गाडी लालभडक, दुसऱ्यात चक्क केशरी आणि रेसच्या रेकॉर्डिंगमधे तिसराच रंग. १६ पैकी १५ रेस जिंकलेली गाडी आहे, आयुष्यात एकदाच करणार, तर रंग चुकलेला मला चालणार नाही.
पांढरा आधी मारायचा की लाल? हार्डवेअरवाला म्हणतो एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) सगळ्या लॅकरला, म्हणजे झटपट उडून वाळणाऱ्या रंगाला चालतो, तो एअरब्रशला (हवेने रंग फवारणाऱ्या पेनला) वापरू का? आणि सध्या आमच्याकडे चार दिवस झाले पाऊस थांबलेला नाही, अशात रंगवायचं की दिवाळीपर्यंत वाट बघायची? माझ्या डिकल शीटवर (पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची चित्रं) गाडीच्या प्रायोजक सिगरेट ब्रँडचं, मार्लबोरोचं नावही नाहीये, त्याचं काय करतात लोक?

लेट_ब्रेकिंग
मित्रा, फोटो सगळे खरे आहेत. तो साधा लाल नाहीच, फ्लोरोसंट आहे, केशरीकडे झुकणारा. मार्लबोरोच्या पाकिटाचा लाल टीव्हीवर नीट लाल दिसावा म्हणून गाडीवर हा मारायचे. फ्लोरोसंट रंग उन्हातलं अल्ट्राव्हायोलेट घेऊन ते दिसणारा प्रकाश म्हणून परत टाकतो, म्हणून उन्हात तो पेटल्यासारखा दिसतो आणि पिटमधल्या ट्यूबलाइटखाली मंद पडतो, त्यात फिल्म कुठली होती त्यावर पण फरक. त्यामुळे एक फोटो धरून रंग मिक्स करत बसू नकोस.
टामियाचा टीएस-३६ फ्लोरोसंट रेड घे, नाहीतर मिस्टर कलर कंपनीचा फ्लोरोसंट लाल १७१, आणि जास्त केशरी वाटायला हवा तर त्यात फ्लोरोसंट केशरी १७३ चे थोडे थेंब. स्प्रे कॅन विमानाने पाठवत नाहीत त्यामुळे ऑनलाइन मागवलं तर उशीर होतो, शहरातल्या हॉबी शॉपमधे आधी फोन करून बघ. कॅन मिळाला तर रंग बाटलीत काढून एअरब्रशने मारता येतो, फक्त काढल्यावर झाकण सैल ठेवून गॅस पूर्ण जाऊ दे, रात्रभर ठेवलं तर उत्तम.
आधी पांढराच. फ्लोरोसंट रंग जवळजवळ पारदर्शक असतो, खाली ग्रे प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) राहिला तर वर कितीही कोट मार, तो मेलेलाच दिसणार. शिवाय लालवर पांढरा मारला तर लाल वर झिरपून पांढऱ्याला गुलाबी छटा येते. पांढरा प्रायमर, त्यावर टीएस-२६ प्युअर व्हाइट, तो पक्का वाळला की मास्किंग (पांढरा ठेवायचा भाग टेपने झाकणं) आणि मग लाल, पातळ पातळ कोट. पहिल्या दोन कोटांत काहीच होत नाहीये असं वाटेल, दम धर.

रेवती_कोल्हापूर
एनसी थिनर बॉडीवर अजिबात नको! किटच्या प्लॅस्टिकला, पॉलिस्टायरीनला, तो फार जहाल आहे, प्लॅस्टिकवर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या परत जात नाहीत. एअरब्रश धुवायला मात्र मस्त, त्यासाठी आण. रंगासाठी मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर किंवा टामियाचा लॅकर थिनर.
पावसाचं म्हणाल तर लॅकर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते, वाळल्यावर दुधाळ झाक येते. आम्ही पण पावसाळाभर याच्याशीच झगडतो. खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर आधी लावून ठेवा, हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजायचं यंत्र) ७० टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर त्या दिवशी ग्लॉस नकोच, चाकं-इंजिनची कामं करा. लेव्हलिंग थिनरमधे रिटार्डर (रंग हळू वाळू देणारा घटक) असतो त्याचा पण फायदा होतो. एअरब्रशच्या कॉम्प्रेसरला वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) लावलाच पाहिजे नाहीतर पांढऱ्यावर पाण्याचे थेंब उडतील. एसी लावलात तरी वास बाहेर जायची सोय आणि रेस्पिरेटर हवाच, साधा कापडी मास्क या वाफांना चालत नाही.

डिकलवाला_नाशिक
डिकलचं आधी ठरवा, कारण ते रेसवर अवलंबून आहे. काही देशांत तेव्हाही तंबाखूच्या जाहिरातींवर बंधनं होती, तिथे गाडीवर ते नाव नसायचं. म्हणून एक रेस पक्की करायची, त्याच वीकेंडचे फोटो जमवायचे. बाकी रेससाठी आफ्टरमार्केट, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या, शीट मिळतात, परदेशातून येतात, कस्टम्सचा हिशोब धरा.
तुमच्याकडची गाडी सेन्नाची आहे म्हणून सांगतो, इटलीतली मोंझा पण करून बघण्यासारखी आहे. मॅक्लॅरेनने त्या वर्षी हरलेली एकमेव रेस. सेन्नाचा टीममेट प्रॉस्टचं इंजिन गेलं, सेन्ना शेवटी श्लेसर या ड्रायव्हरच्या विल्यम्स गाडीवर आदळला आणि फेरारी पहिली-दुसरी आली, कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी जाऊन महिनाही झाला नव्हता. मला ती सगळ्या सीझनमधली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.
क्लिअरबद्दल (वरचा चकचकीत पारदर्शक थर): फ्लोरोसंट वाळल्यावर मॅट होतो, क्लिअरशिवाय गाडी खेळण्यासारखी दिसेल. पण डिकलवर टीएस-१३ हा टामियाचा क्लिअर सरळ ओला मारला तर डिकल सुरकुततं. आधी लांबून दोन-तीन धुरकट कोट, मधे वाळू द्यायचं, मग ओला.

गॅरेज_ठाणे
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, मोंझाचं ऐकून तर अंगावर काटा आला, तीच करतो! एकच राहिलं, लाल-पांढऱ्याची ती तिरकी रेघ कशी मारू? बॉडीच्या वळणावर टेप उचलला जातोय आणि खाली रंग शिरेल अशी भीती वाटते.

लेट_ब्रेकिंग
पिवळी टामिया टेप काचेवर लावून नव्या ब्लेडने २-३ मिमीच्या पट्ट्या काप, कारण रुंद टेप वळत नाही, बारीक वळते. कड आधी या पट्टीने, उरलेलं रुंद टेपने झाक. डिकल शीटवर त्या भागाचा आकार असेल तर झेरॉक्स काढून टेम्प्लेट म्हणून वापर, दोन्ही बाजू सारख्या येतात. नखाने कड दाबून घेतली की लाल मारायच्या आधी त्याच कडेवर एक हलका पांढरा कोट मार. टेपखाली जे शिरायचं ते पांढराच शिरतो आणि फट बंद होते, वर लाल एकदम सुरीसारखा कापलेला येतो. टेप लाल अर्धवट ओला असतानाच काढ, मागे दुमडून, हळू. कडेला जी बारीक पायरी राहते ती क्लिअरच्या पहिल्या थरानंतर २००० नंबरच्या बारीक सँडपेपरने पाण्यात घासून घे, कोपऱ्यांवर मात्र पेपर नेऊ नको, तिथे रंग लगेच फाटतो.
आणि झाल्यावर शोकेस खिडकीसमोर ठेवू नकोस, फ्लोरोसंट उन्हाने फार लवकर फिका पडतो. मिस्टर सुपर क्लिअरचा यूव्ही कट (अल्ट्राव्हायोलेट अडवणारा क्लिअर) मिळाला तर शेवटचा कोट त्याचाच दे.