मदत हवी आहे : गावकऱ्यांचं जाळं आणि मजुरी यांचा संबंध कसा मोजावा?

नागपुरात छत्तीसगडहून येणाऱ्या बांधकाम मजुरांचा सर्वे आखतो आहोत. प्रश्न असा की गाववाले जास्त असले की कमाई वाढते का?

कमाई म्हणजे फक्त रोजी धरली तर घोळ होतो. म्हणून रोजी गुणिले महिन्यात मिळालेले कामाचे दिवस, वजा मुकादमाचं कमिशन, असं धरतोय. उचल घेतली असल्यास वेगळी नोंद. जाळ्याचा फायदा बहुतेक कामाच्या दिवसांत दिसतो, दरात कमी. गाववाल्यांचेही दोन गट हवेत. जुने आलेले काम मिळवून देतात, नुकतेच आलेले त्याच ठिय्यावर (मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावर) स्पर्धा करतात. एकत्र मोजलं तर परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात.

खरी अडचण निवडीची आहे. ज्याला चांगलं काम लागतं तो वस्ती सोडून जातो, मग वस्तीत कमी कमावणारेच उरतात आणि दोष जाळ्यावर येतो. स्वीडनने १९८५ पासून निर्वासितांना सरकारी निर्णयाने वेगवेगळ्या गावांत वसवलं, कुठे राहायचं हे त्यांनी स्वतः निवडलं नव्हतं, त्यामुळे तिथे हा पेच बराच सुटला. मेक्सिकोच्या स्थलांतरितांसाठी मूळ गावचा जुना पाऊस वापरला गेला : गावी पाऊस हुकला की जास्त लोक बाहेर पडतात आणि जाळं वाढतं, पण तिकडच्या कमाईवर त्या पावसाचा थेट परिणाम नसतो. आपल्याकडे मात्र हे अवघड आहे : छत्तीसगडच्या राजनांदगावात पाऊस हुकला की शेजारच्या गोंदियातही धान जातं, तिथलेही मजूर नागपुरात येतात आणि रोजीच पडते.

वर्षनिहाय फरक वगळून तालुकानिहाय पाऊस घेतला तर हे भागेल का? हवामान खात्याचे पाव अंशाच्या (अक्षांश-रेखांशाच्या) चौकटींचे पावसाचे आकडे तालुक्यांना कुणी जोडले असतील तर पद्धत सांगा. वस्ती सोडून गेलेल्यांना शोधायचं कसं, हेही कृपया सुचवा.