बहात्तरच्या दुष्काळातून आपण काय घेतले?

माणगंगा:
1972 सालाचा विषय निघाला की बोलणे मिलो (रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळात वाटलेला पूरक आहार) यांपाशी थांबते. माझ्या मते महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात त्या वर्षाचे स्थान याहून मोठे आहे, कारण उपाशी माणसाने दान न मागता काम मागावे आणि सरकारने ते द्यावे, हे तेव्हा गावोगावी घडले. रोजगार हमीची कल्पना मांडणारे नेते वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या प्रयोगामागचा हाच विचार होता. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती, आणि 1977 चा रोजगार हमी कायदा त्याच अनुभवातून झाला. माझी आजी बोटांना चिंध्या गुंडाळून खडी फोडायची, कारण छिलपा उडाला की नख फुटत असे. पण मजुरी तिच्या स्वतःच्या हातात पडे, आणि घरात तिच्या शब्दाला वजन आले ते तेव्हापासून.

पुरंदरकर:
आजींच्या कष्टांविषयी आदर आहे, तरीही मला हे पटत नाही. मजुरीने माणसे जगली, हे खरे. पण दुष्काळ पाण्याचा होता आणि पाण्याची व्यवस्था आपण बदलली नाही. पाझर तलाव खोदले, त्यांतला गाळ कोणी काढायचा हे मात्र ठरवले नाही. पुढे विंधनविहिरी खोल गेल्या आणि अवर्षणाच्या पट्ट्यातही ऊस वाढला. त्या दुष्काळाने हललेल्या उद्योजक विलासराव साळुंखे यांनी आमच्या पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी जमिनीवर नव्हे, माणशी वाटले, भूमिहीनांनाही वाटा दिला आणि उसाला मनाई केली. खरा धडा तो होता, आणि राज्याने तो धोरण म्हणून घेतला नाही.

करडई:
आपण दोघेही बाजारभाव विसरत आहात. मजुरीचे मोल धान्याच्या दरावर ठरते, आणि रेशनवर पुरेसे धान्य नसेल तर हातातला पैसा वाण्याच्या दुकानातच संपतो. 1972 मध्येच मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती उभी केली. लाटणी घेऊन निघालेले मोर्चे आणि खडीचे ढीग यांचा विचार एकत्रच व्हायला हवा.

माणगंगा:
भावाचा मुद्दा मान्य. पुरंदरकर, तलावांची निगा राखली गेली नाही हा दोष कामाच्या हमीवर टाकू नये. हमी नसती तर नायगावच्या वाटपापर्यंत पोहोचायला माणसे गावात उरली असती का?

पुरंदरकर:
मग एवढेच सांगा, त्या वर्षी आपल्या गावात जे बांधले, त्याचे आज काय उरले आहे?

माणगंगा:
रस्ता आहे, त्यावरून एसटी येते. वरच्या अंगाच्या तलावात मात्र मार्चनंतर पाणी नसते, आणि तेव्हापासून पाऊस येईपर्यंत गावात टँकर येतो.